पलीकडून लावलेली कडी

गेल्या वर्षी गणपतीच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळची आरती आटोपली, खिरापत वाटून झाली आणि शेजारपाजारचे लोक पांगले. आई आणि ताई माजघरात उरलेली फुलं निवडत बसल्या. मी ओसरीवरच्या झोपाळ्यात खेळाचं यंत्र मांडीवर घेऊन हॉलो नाइट नावाचा व्हिडिओ गेम खेळत बसले होते. धूप-कापराचा वास अजून हवेत होता आणि आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मंडळाचा लाऊडस्पीकर लांबून ऐकू येत होता. माझा भाचा अर्णव येऊन झोपाळ्याच्या दुसऱ्या टोकाला टेकला. तो तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्या खेळात मी जवळजवळ तीन आठवडे एकाच ठिकाणी अडकले होते. विहिरीसारखी उंच पोकळी, तळाशी मी, आणि वर, माझ्या उडीच्या हातभर पलीकडे, एक कपार. रोज रात्री जेवणं झाली की मी त्या तळाशी जाऊन उभी राहत असे. कधी इकडून उडी मारून बघ, कधी तिकडून. अर्णवने दोन-चार मिनिटं गप्प राहून पाहिलं आणि मग म्हणाला, "मावशी, इथून जाताच येत नाही. आधी मँटिस किड्यांच्या गावात जा. तिथे पंजा मिळतो, मग भिंतीला धरून चढता येतं."

मी खेळ थांबवला. "तुला कोणी विचारलं होतं का?" माझा आवाज मलाच परका वाटला. "सगळं आधीच सांगून टाकायची काय सवय आहे रे तुला?"

तो काही बोलला नाही. एका बाजूने तो उतरला म्हणून झोपाळा तिरका हेलकावला आणि कड्या कुरकुरल्या. आत जाऊन तो आजीजवळ बसला. निघताना नेहमीसारखं "येतो मावशी" म्हणाला, पण जाताना माझ्या खांद्याला खांदा मारायची त्याची जी पद्धत आहे, ती त्या दिवशी नव्हती.

त्या रात्री झोप आली नाही. राग कशाचा आला, हे तेव्हा मला धड सांगता आलं नसतं. त्याने चुकीचं काही सांगितलं नव्हतं. उलट अगदी बरोबर सांगितलं होतं, आणि तेच लागलं होतं.

त्यात हा खेळ मला दिला होता त्यानेच. २०२४च्या ऑगस्ट अखेरीस विश्वामित्री नदी शहरात शिरली, तेव्हा समा भागातल्या ताईच्या तळमजल्यावर पाणी आलं. ती मंडळी आमच्याकडे आली. आमचा भाग जुन्या शहरातला, जरा उंचावरचा, त्यामुळे आम्ही वाचलो. अर्णव ओसरीत आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. शाळेची पुस्तकं भिजून गेली होती, पण पोटाशी धरलेली एक पिशवी कोरडी होती. एका प्लॅस्टिकच्या पिशवीत दुसरी, तिच्यात रुमालात गुंडाळलेलं ते यंत्र. पुढचे दिवस वीज येत-जात होती. मगर कुठल्या सोसायटीत निघाली याचे व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरत होते. ताई घराच्या काळजीने खिडकीशी उभी राही. मुलगा घाबरला होता, पण दाखवत नव्हता. तिसऱ्या रात्री मी मेणबत्तीजवळ बसले होते, तर त्याने यंत्र माझ्या हातात दिलं. "मावशी, तू खेळ ना. मी बघतो." माझ्या हातून खेळातला किडा पहिल्याच पाच मिनिटांत तीनदा मेला. अर्णव एकदाही हसला नाही. "होतं असं," एवढंच म्हणाला. पुढच्या वर्षी मे महिन्यात मी स्वतःचं यंत्र घेतलं, जुनंच, एका ओळखीच्या मुलाकडून. आणि पहिला खेळ घेतला तो हाच, हॉलो नाइट.

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरात टीम चेरी नावाच्या मोजक्या माणसांनी तो केला. लोकवर्गणीतून सुमारे ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर जमले आणि २०१७च्या फेब्रुवारीत खेळ बाहेर पडला. चित्रं हाताने काढलेली आहेत, आणि ते पाहताक्षणी जाणवतं, कारण रेषेला हाताचा कंप आहे. आपण एक इवलासा किडा असतो. पांढरा मुखवटा, दोन रिकामे डोळे आणि पाठीवर तलवार म्हणून एक खिळा. हॅलोनेस्ट नावाचं किड्यांचं मोठं राज्य जमिनीखाली पसरलेलं, आता मोडकळीला आलेलं. वर डर्टमाउथ नावाचं एक ओसाड गाव, तिथे दिव्याखाली उभा असलेला एक म्हातारा किडा, आणि गावाच्या कडेला विहीर. विहिरीत उतरायचं. पुढे काय करायचं, कुठे जायचं, कोणाशी लढायचं आणि का, हे कोणी सांगत नाही. खाली उतरल्यावर पहिला भाग लागतो त्याचं नाव फरगॉटन क्रॉसरोड्स, विसरलेला चौफुला.

नकाशासुद्धा आपल्याला आयता मिळत नाही. नव्या भागात शिरलं की पाटी कोरी असते. मग कुठेतरी जमिनीवर कागदाचे कपटे पडलेले दिसतात, आणि कान दिले तर कोणीतरी गुणगुणत असल्याचा आवाज येतो. तो कॉर्निफर, नकाशे काढणारा किडा. आवाज वाढत जातो तसतसं आपण त्याच्या जवळ जातोय हे कळतं. अंधारात, मरायला टेकलेलं असताना ते गुणगुणणं ऐकू आलं की माझे खांदे आपोआप सैल पडतात. चार पैसे देऊन त्याच्याकडून नकाशा घ्यावा, तर तो अर्धामुर्धाच असतो. बाकीचा आपणच फिरून भरायचा. तोही लगेच भरला जात नाही. लेखणी विकत घ्यावी लागते ती वर गावात, कॉर्निफरच्या बायकोच्या, इसेल्डाच्या दुकानातून. आणि नवं पाहिलेलं कागदावर उतरतं ते बाकावर बसल्यावरच. या राज्यात जागोजागी बाक आहेत. बाकावर टेकलं की जखमा भरतात, खेळ जपून ठेवला जातो, आणि तो इवलासा किडा पाय लोंबकळत बसून राहतो. म्हणजे बसल्याखेरीज आपण कुठे गेलो होतो याची नोंदच होत नाही. मला हे फार खरं वाटतं. दिवसभर ऑफिसात जीएसटीच्या विवरणपत्रांत डोकं घालून आल्यावर दिवस कसा गेला ते मलाही झोपाळ्यात बसल्यावरच कळतं.

मेलं तर काय होतं, तेही सांगायला हवं. जिथे मेलो तिथे आपली सावली उरते आणि कमावलेले सगळे पैसे तिच्यापाशी राहतात. शेवटच्या बाकापासून पुन्हा तिथवर चालत जायचं आणि स्वतःच्याच सावलीशी लढून आपलं परत घ्यायचं. वाटेत पुन्हा मेलो तर ते पैसे कायमचे गेले. माझे असे पुष्कळ गेले आहेत. पहिल्यांदा गेले तेव्हा यंत्र बंद करून अंगणात जाऊन उभी राहिले होते. पण त्या येरझाऱ्यांत वाट पायाखालची होते. कुठल्या वळणावर कोण दबा धरून आहे, कुठली फळी टेकताच कोसळते, हे डोक्यात साठवावं लागत नाही, अंगठ्यांत उतरतं.

या जातीच्या खेळांना मेट्रॉइडव्हेनिया म्हणतात. १९८६चा मेट्रॉइड आणि १९९७चा कॅसलव्हेनियाच्या मालिकेतला सिम्फनी ऑफ द नाइट, या दोघांच्या नावांचा हा जोड. लहानपणी आमच्या पोळीत, म्हणजे गल्लीत, एकाच घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, पिवळ्या कॅसेटचा. दर रविवारी आम्ही सात-आठ मुलं तिथे दाटीवाटीने बसायचो. त्यातला मिशीवाला मारिओ फक्त उजवीकडे पळायचा. पडदा एकदा पुढे सरकला की मागे जाता यायचं नाही, डावी कड भिंतीसारखी पाठीला लागायची. काही सुटलं असेल तर सुटलंच. मी एकदा त्या मुलाला विचारलं होतं की मागे काय राहिलं ते परत का बघता येत नाही, आणि बाकीची मुलं वैतागली होती. मेट्रॉइडबद्दल मी खूप उशिरा वाचलं. त्यात सुरुवातीला उजवीकडे गेलात तर थोड्याच वेळात वाट खुंटते, कारण पहिली शक्ती ठेवली आहे डावीकडे, जिथे उभे होतात त्याच्या मागच्या बाजूला. हे वाचून मला त्या पोळीतल्या रविवारची आठवण आली. कोणीतरी माझ्या प्रश्नाचं उत्तर तेव्हाच देऊन ठेवलं होतं, फक्त ते आमच्या कॅसेटमध्ये नव्हतं.

अशा खेळात दर थोड्या वेळाने एक दार लागतं जे उघडत नाही, एक कपार दिसते जी हाताला लागत नाही. ती मनात ठेवून पुढे जायचं. मग कुठल्या कुठे, दहा तासांनंतर, एखादी नवी शक्ती मिळते आणि एकदम ती जुनी कपार आठवते. परत जायचं. पण परत आलेले आपण तेच नसतो, त्यामुळे जागाही तीच राहत नाही.

आजोबा मला असंच फिरवायचे.

ते सेंट्रल लायब्ररीत कारकून होते. मी पाच-सहा वर्षांची असताना ते निवृत्त झालेले होते, पण रविवारी सकाळी धोतर, काळी टोपी आणि छत्री घेऊन निघायचे, मला बोटाला धरून. दांडिया बाजारातून सुरसागरच्या काठाने, न्यायमंदिरापाशी, मग लहेरीपुरा दरवाजातून आत, थेट मांडवीपर्यंत. मांडवीच्या कमानीखाली थांबायचे आणि विचारायचे, "बोल, आज कुठला दरवाजा?" मांडवीपासून चारी दिशांना चार दरवाजे, लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट. मी बोट दाखवीन तिकडे जायचं. वाटेत काय लागेल ते ते कधी सांगत नसत. "आजोबा, पुढे काय आहे?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "चल, दिसेल." मग दिसायचं. कधी पितळेची भांडी ठोकणाऱ्यांची रांग, आणि त्या ठणठणाटात बोलणं ऐकू येत नाही म्हणून आजोबांनी खुणेने दाखवलेलं कबुतर. कधी एका खडकीच्या, म्हणजे एकच दरवाजा असलेल्या घरांच्या, आत अचानक मोठा चौक, मध्ये तुळस आणि वाळत घातलेले पापड. कधी काहीच नाही, नुसती आंधळी बोळ, आणि आल्या पावली परत. ते परत फिरणंही आजोबा निवांतपणे करायचे, जणू तेवढंच पाहायला आलो होतो. शेवटी सेव उसळ. मला तिखट लागायचं, डोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी मी वाटी चाटूनपुसून संपवायचे.

लायब्ररी मांडवीजवळच. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना १९१० साली बोलावून राज्यभरात ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, ते बडोदेकरांना पाठ आहे. मला मात्र त्या इमारतीची आठवण आहे ती तळव्यांची. पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांमधली जमीन काचेची आहे. जाड, धुरकट, हिरवट काच, म्हणजे वरच्या मजल्यावरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत झिरपावा. आजोबांचे जुने सहकारी आम्हाला आत सोडायचे. मी खालच्या मजल्यावर मान वर करून उभी राहायची. वर कोणी चाललं की काचेवर दोन काळे ठिपके सरकायचे. चप्पल दिसायची नाही, माणूसही नाही, फक्त पावलांची सावली. एक ठिपका पुढे, एक मागे, मग दोन्ही एका जागी स्थिर, म्हणजे तो माणूस वर उभा राहून पुस्तक चाळतोय. वर जायचा जिना कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं. आजोबांना होतं, पण ते दाखवत नव्हते. कित्येक रविवार मी खालूनच त्या सावल्या पाहिल्या. मग एका रविवारी मांडण्यांच्या आडून फिरता फिरता मला एक अरुंद लोखंडी जिना सापडला आणि मी वर गेले. पायाखाली काच होती. मी गुडघ्यांवर बसून काचेला डोळा लावला. खाली, खूप खोल वाटावं इतकं खाली, काळ्या टोपीचा एक अंधुक गोल ठिपका होता. तो हलत नव्हता, मी येईपर्यंत तिथेच थांबला होता.

आणि परसदाराची गोष्ट. आमच्या वाड्याच्या मागच्या अंगाला, न्हाणीघराच्या पलीकडे, एक ठेंगणं दार आहे. तेव्हा ते कायम बंद असायचं, कारण कडी पलीकडून होती. त्या दाराच्या फटीला नाक लावलं की फोडणीचा आणि ओल्या लाकडाचा वास यायचा, आणि दुपारी एक बाई कोणाला तरी गुजरातीत रागवायची तिचा आवाज. माझ्यासाठी ते दार म्हणजे दुसऱ्या गावाची वेस होती. एकदा, आठ-नऊ वर्षांची असेन, मैत्रिणीबरोबर भटकत मी एका अनोळखी पोळीत शिरले. दोन वळणं घेतली, एका लाकडाच्या वखारीशेजारून आत गेले आणि तोच वास आला. फोडणी आणि ओलं लाकूड. समोर एक ठेंगणं दार, आणि त्याला या बाजूने कडी. मी ती काढली. दार ढकललं. आणि समोर आमचं न्हाणीघर, आमचा बंब, दोरीवर आईची निळी साडी.

ते नेमकं काय झालं, मला अजून शब्दांत पकडता येत नाही. दोन वेगळी गावं होती, ती एका क्षणात एक झाली. डोक्यातला सगळा नकाशा कोणीतरी दुमडून त्याची दोन टोकं जुळवावीत तसं. मी धावत ओसरीवर गेले आणि आजोबांना सांगितलं की ते दार उघडतं, ते पलीकडे निघतं. आजोबा पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "असं? कुठे निघतं गं ते?" मी त्यांना सगळं सांगितलं. वखार, दोन वळणं, वास, रागवणारी बाई. ते मध्येमध्ये "बरं" म्हणत ऐकत होते. आजोबांचा जन्म त्याच वाड्यातला.

गणपतीतल्या त्या संध्याकाळनंतर मी आठ-दहा दिवस यंत्राला हात लावला नाही. त्या मधल्या काळात, ४ सप्टेंबरला, याच खेळाचा पुढचा भाग सिल्कसाँग आला. त्याची घोषणा २०१९च्या फेब्रुवारीत झाली होती. अर्णव तेव्हा आठ वर्षांचा असेल, म्हणजे त्याला कळायला लागल्यापासून तो त्याचीच वाट बघत होता. पावसाळाभर त्याने मला त्यावर किती सांगितलं होतं. त्यात आता हॉर्नेट नायिका असणार, ती सुई घेऊन लढते, ती खाली उतरत नाही तर वर चढते. मला वाटलं होतं खेळ येताच पहिला फोन मला येईल. फोन आला नाही. मीही केला नाही. मोठ्या माणसाने फोन करायचा असतो हे मला कळत होतं, आणि तरी रोज संध्याकाळी मी उद्यावर ढकलत होते.

शेवटी मी मँटिसांच्या गावात गेले. पंजा सापडला. भिंतीवर उडी मारली की किडा भिंतीला चिकटतो, हळूहळू घसरतो, आणि तिथून पुन्हा उडी. तीन आठवडे जिथे अडकले होते ती कपार अर्ध्या मिनिटात चढून गेले. वर उभी राहिले. काही वाटलं नाही. म्हणजे वाटायला हवं होतं ते वाटलं नाही. दुसऱ्याने पत्ता दिलेल्या घरी पोचल्यासारखं झालं. तेव्हा मला माझा राग समजला. तीन आठवडे मी अडकलेली नव्हतेच. मी त्या तळाशी उभी राहून वर बघत होते, लायब्ररीत बघायचे तशी, आणि मला ते आवडत होतं.

पण त्याच गावात खाली तीन मँटिस सरदार सिंहासनांवर बसलेले असतात, आणि त्यांच्याबद्दल अर्णवने चकार शब्द काढला नव्हता. त्यांना आव्हान देणं सक्तीचं नाही. आपण समोर जाऊन आव्हान द्यायचं, मग एक जण उठतो. तो पडला की उरलेले दोघं एकदम येतात. मी त्यांच्यापुढे किती वेळा मेले याची मोजदाद नाही. सुरुवातीला नुसती पाती चमकताना दिसायची. मग हळूहळू दिसायला लागलं की पाती फिरण्याआधी ते क्षणभर आखडतात. आठवडाभराने मी पाहत नव्हते, अंगठे आपसूक हलत होते. जिंकले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि आई झोपली होती. सरदार पुन्हा सिंहासनांवर गेले आणि तिघांनी वाकून नमस्कार केला. परत वर चढताना, ज्या मँटिसांनी मला शंभर वेळा मारलं होतं ते वाटेत उभे होते. कोणी अंगावर आलं नाही, जो तो मान झुकवत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला हे कोणाला तरी सांगायचं होतं, आणि सांगावं असा एकच माणूस होता.

दिवाळीत भाऊबीजेच्या आदल्या संध्याकाळी ताई फराळाचा डबा घेऊन आली, अर्णव बरोबर होता. सहामाहीचा निकाल, नवे बूट, सगळं आईशी बोलून झालं. मग तो ओसरीत आला. मी म्हटलं, "त्या दिवशी मी जास्त बोलले रे." तो म्हणाला, "हं." जरा वेळाने म्हणाला, "कुठे पोचलीस?" मी झोपाळ्यात सरकून जागा केली.

मी तेव्हा सिटी ऑफ टिअर्सच्या दाराशी होते. दार उघडलं, आत गेले, आणि ते मागे धाडकन बंद झालं. आल्या वाटेने परत जायची सोय संपली. आणि पाऊस. जमिनीखालचं शहर, उंच उंच निळसर इमारती, आणि त्यावर सतत पाऊस. आभाळ नाही आणि तरी पाऊस. पुढे गेल्यावर एका मोठ्या खिडकीपाशी बाक लागतो. त्यावर क्विरेल नावाचा एक वाटसरू किडा बसलेला असतो, आधी दोन-तीनदा भेटलेला. तो बाहेरचा पाऊस बघत असतो, आणि वर केवढं पाणी साठलेलं असेल याचा विचार करत असतो. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. दोघं पाठमोरे, समोर खिडकी, काचेवरून ओघळणारं पाणी, आणि फार हळू वाजणारं संगीत. मी बटणांवरून बोटं काढली. आमच्याही अंगणात कोणाच्या तरी फुलबाज्या संपल्या होत्या आणि थोडा वेळ शांतता होती.

अर्णव म्हणाला, "इथे बसता येतं?"

"बाक आहे ना."

"मी बसलोच नव्हतो." तो पडद्याकडे बघत होता. "मी व्हिडिओ बघून खेळलो ना हा. त्यातला माणूस इथून पळत पुढे जातो. एक सेकंद पण थांबत नाही." मग म्हणाला, "पुढे नको जाऊस. थोडा वेळ राहू दे."

आम्ही बसून राहिलो. बराच वेळ काही हललं नाही की पडदा मंद व्हायचा, तसा तो हात लांब करून उजवीकडची दांडी अंगठ्याने किंचित हलवायचा, किडा उठणार नाही एवढ्या बेताने. मला मँटिस सरदारांचं सांगायचं होतं ते मी सांगितलं, नमस्कारासकट. तो म्हणाला की त्याला सतरा दिवस लागले होते आणि तेवढं एकच त्याने व्हिडिओ न बघता केलं, कारण बघूनही उपयोग होत नव्हता. मग मी त्याला विचारलं, "इथून बाहेर कसं पडायचं रे? दार तर बंद झालं." त्याने तोंड उघडलं, "ती लिफ्ट..." आणि दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. डोळे मोठे झाले होते. मी काही विचारलं नाही. निघताना त्याने खांद्याला खांदा मारला.

चार दिवसांनी रात्री, शहराच्या पश्चिमेच्या अंगाला, मला एक लोखंडी पाळणा दिसला. कळ ओढली आणि तो वर निघाला. खूप वेळ वर जात राहिला. पावसाचा आवाज खाली राहिला, कमी होत होत थांबला. कडेच्या भिंतींचा रंग बदलला. पाळणा थांबला तेव्हा मी उतरून काही पावलं चालले आणि ओळखीचे सूर कानावर आले. इतके ओळखीचे की आधी कळलंच नाही कुठले. मग समोरच्या रिकाम्या शंखांची पडझड दिसली, तो मातकट उजेड दिसला. फरगॉटन क्रॉसरोड्स. विहिरीतून उतरून पहिलं पाऊल ठेवलं होतं तो भाग. जिथे पोचायला मला इतके महिने लागले ते शहर थेट माझ्या पहिल्या पावलांखाली होतं.

साडेदहा वाजले होते. मी फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"अर्णव, ती लिफ्ट कुठे निघते माहितेय?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "नाही गं. कुठे निघते?"

मी झोपाळ्यात पाय वर घेऊन बसले आणि त्याला सुरुवातीपासून सांगायला लागले.